पिवळा लग्नझगा

सिनेमात डेल्फिना गारिनो एकूण अकरा वेळा मेली. दोनदा विष पिऊन, एकदा ज्वालामुखीत, एकदा सिंहाच्या तावडीत (तो सिंह इतका म्हातारा, की त्याला मांस बारीक करून द्यावं लागे), आणि उरलेल्या वेळी क्षयाने, कारण क्षयाने मरणाऱ्या बाईला केस मोकळे सोडता येतात. इटलीतल्या तोरिनो शहरातल्या बायका तिच्या मरणावर रुमालच्या रुमाल भिजवत. ती मात्र ठणठणीत होती आणि दोन माणसांचं जेवत होती.

हे सगळं सुरू होण्याआधीच, १९११च्या ऑक्टोबरात, बारगळणार होतं.

गारिनो मंडळी तोरिनोजवळच्या बेर्तोल्ला गावची, म्हणजे परीटच. तोरिनो शहर मळवणार आणि बेर्तोल्ला धुणार, हा रिवाज. डेल्फिनाची आई जाचिन्ता विधवा, जिभेने तिखट, आणि पांढऱ्या कपड्याच्या बाबतीत तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. फिल्म कंपनीतल्या कारकुनाचे शर्ट पोचवायला गेलेली डेल्फिना आधी सिनेमातल्या गर्दीत उभी राहू लागली, आणि मग दिग्दर्शक ओज्जेरोंनी तिला थेट नववधूच केलं. आईने फर्मान काढलं, "एकच सिनेमा. तिथून हाकललं, तर सोमवारपासून माझ्याशेजारी कालव्यावर गुडघे टेकायचे. वर तोंड करून बोलायचं नाही."

बुधवारी कंबरेला टाके घालायला डेल्फिनाने लग्नाचा झगा घरी आणला आणि बटणं घ्यायला शहरात गेली. संध्याकाळी परत येते तो झगा कुरणावर वाळतोय! राखेच्या पाण्यात उकळलेला, नीळ दिलेला, डोळे दिपतील इतका पांढरा.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? पिवळा पडला होता मेला. परटिणीच्या लेकीनं असल्या झग्यात लग्न लावायचं? चार लोकांत माझं नाक कापायचंय?"

डेल्फिनाच्या तोंडचं पाणी पळालं. झगा कंपनीने मुद्दाम पिवळा रंगवला होता. निव्वळ पांढरं कापड कॅमेऱ्यापुढे असं चकाकतं, की माणसाचा चेहराच दिसेनासा होतो. फिकट पिवळंच पडद्यावर पांढरंशुभ्र दिसतं. हे तिने आईला सांगितलं. सकाळी जाचिन्ता शाल पांघरून लेकीबरोबर निघाली.

स्टुडिओत, ऊन यावं म्हणून घातलेल्या काचेच्या छपराखाली, ओज्जेरोंनी झगा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अहो बाई, हा झगा आहे की दिवा? डोंगराकडून ढग येतायत, तासाभरात ऊन जाईल. त्या दुसऱ्या नटीला, एर्नेस्टाला बोलवा. तिचा स्वतःचा पिवळा झगा आहे, तीच नवरी!"

डेल्फिनाने मान खाली घातली. सोमवार तिला डोळ्यांसमोर दिसू लागला. आता आईच्या मनासारखं झालं, असंही तिला वाटलं.

पण जाचिन्ता सेट ठोकणाऱ्या सुतारांच्या शेगडीकडे चालू लागली. तिथे त्यांची कॉफीची मोठी किटली उकळत होती. तिने ती घमेल्यात ओतली, पाणी घातलं, झग्याचं एक टोक बुडवून उजेडात धरलं, अजून थोडं पाणी घातलं.

"तीस वर्षं कॉफीचे डाग काढले मी," ती म्हणाली, "पाडतेय आज पहिल्यांदा." आणि डोळे मिटून तिने अख्खा झगा आत दाबला.

"आमची कॉफी!" सुतार ओरडले.

"ओरडू नका रे, उद्या तुमचे शर्ट फुकट धुते!"

ओलाच झगा घालून डेल्फिना वेदीपुढे उभी राहिली. सर्वांगाला कापरं भरलं होतं.

"वा! काय भाव आहेत चेहऱ्यावर!" ओज्जेरो मोहरले.

"भाव कसले डोंबलाचे, थंडी वाजतेय," नववधू म्हणाली. मुका सिनेमा, त्यामुळे काही बिघडलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा निम्मं बेर्तोल्ला पाहायला गेलं. पडद्यावर झगा बर्फासारखा पांढरा दिसत होता. आता जाचिन्ता बढाई मारणार, म्हणून शेजारणी वाट पाहत राहिल्या. ती मात्र लेकीचा चेहरा तेवढा पाहत राहिली.

पुढच्या सोमवारी स्टुडिओला सुट्टी होती, म्हणून डेल्फिना आपण होऊन कालव्यावर आली आणि एक चादर उचलली. आईने ती हिसकावून घेतली.

"ठेव ती. राखेच्या पाण्यानं हात फुटतात. तिथं पडद्यावर मोठे दिसतात ते, सगळ्यांना."

आणि लेकीच्या वाटणीचं गाठोडं आपल्याकडे ओढून तिने गुडघे टेकले.