खुर्चीत कोण होतं

काळ्या पडद्यावर इंग्रजी ‘डब्ल्यू’ हे एकच अक्षर टाइप करून एंटर दाबलं, की कॉलेजच्या सर्व्हरवर आत्ता कोण आहे, कधीपासून आहे, कुठल्या मशीनवर आहे आणि किती वेळ एकही कळ दाबलेली नाही, सगळी यादी समोर येते. मागचं बघायचं असेल तर ‘लास्ट’. पिरनवाडीकडच्या या कॉलेजात बारा वर्षं मी सर्व्हर सांभाळायचं काम करते आणि चांगलं करते. उगाच विनय मला जमत नाही.

म्हणून परीक्षा विभागाचे साहेब जेव्हा म्हणाले, “एका मुलीचे गुण कुणीतरी बदललेत, शोधा,” तेव्हा मला पाच मिनिटं पुरली. बदल सोमवारी संध्याकाळी पाच चाळीसचा, परीक्षा विभागातल्या एका मशीनवरून. त्या वेळी त्या मशीनवर एकच नाव होतं, अण्णांचं. यादी छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि मी चहाला गेले.

अण्णा म्हणजे परीक्षा विभागातले सगळ्यांत जुने कारकून. निपाणीकडचे जैन, निवृत्तीला चार महिने उरलेले. त्यांच्या हातात मेमो पडला, चौकशी लागणार हे ठरलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर माणूस बदनाम होऊन घरी जाणार होता. ते एवढंच म्हणाले, “म्या न्हाई क्येलं.” मला त्यांचा रागच आला. यादी समोर असताना नाही म्हणतात म्हणजे काय!

गुरुवारी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा होता. कुणाचं काम अर्धवट राहू नये म्हणून साडेपाचला मी ‘डब्ल्यू’ दाबलं. अण्णांच्या नावापुढे रिकामा वेळ शून्य, म्हणजे त्याच क्षणी तिथं टायपिंग चाललेलं. त्यांना थांबवायला उठले, तर खिडकीतून अण्णाच दिसले. व्हरांड्यात बसून भाकरी खात होते. दिवस मावळायच्या आत जेवतात ते, रोज याच वेळी. अख्ख्या कॉलेजला ठाऊक आहे, मलाही होतं. उठताना लॉग-आउट मात्र करत नाहीत, कारण पासवर्ड एका बोटानं शोधत शोधत घालावा लागतो.

मी तशीच धावले. अण्णांच्या खुर्चीत साहेब बसले होते, चष्मा कपाळावर.

“मॅडम, माझा पासवर्ड चालंना झालाय महिनाभर,” ते म्हणाले. “तुम्हाला सांगायचं ऱ्हायलं. अण्णा जेवाय गेले की हितं बसून गुण दुरुस्त करतो.”

“सोमवारी?”

“सोमवारीबी. तुमच्या यादीतलं नाव तेवढं बघितलं मी, वेळ बघितलीच न्हाई.”

मी सोमवारची दुरुस्ती उघडली. एका मुलीचे गुण त्यांनी खालच्या ओळीतल्या मुलीच्या नावापुढे घातले होते. साहेबांचा चेहरा उतरला. “मेमो मागं घेतो,” ते कसंबसं म्हणाले.

तेवढ्यात अण्णा डबा धुऊन आत आले. मी म्हटलं, “अण्णा, चुकलं माझं. तुमचं नाव मीच दिलं.”

त्यांनी डबा शांतपणे पिशवीत ठेवला. “नाव दिलंस ते दिलंस. पर मशीनला इचारलंस, मला एकदा तरी इचारायचं हुतंस की गं.”

बारा वर्षं त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी हक्कानं मागून खाल्ली होती. मला फार लाज वाटली.