आजची रेघ अवघड आहे

आमच्या मामाने चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण पट्टी कधी हातात धरली नाही. पट्टीने ओढलेली रेघ पट्टीची, आपली नव्हे, असं त्याचं ठाम मत. शिडीवर तीन-तीन मजले चढून अक्षरं काढणारा हा बहाद्दर निवृत्त झाला आणि घरातला बल्ब बदलताना स्टुलावरून पडला. उजवं मनगट मोडलं.

"शिडीवरून पडला असतात तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं," मामी म्हणाली. "स्टूल म्हणे!"

निवृत्तीनंतर मामा सायकलच्या दुकानावरच्या खोलीत मुलांना चित्रकला शिकवायचा. म्हणजे सोपे सोपे व्यायाम घ्यायचा. पेन्सिल न उचलता अख्खी किटली काढा. कागदाकडे न बघता स्वतःचा बूट काढा. खोडरबर दाराशीच डब्यात जमा. वर्गाची सुरुवात मात्र ठरलेली. मामा एक शब्द न बोलता फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढणार आणि मुलांनी ती वहीत उतरवायची. जशी आहे तशी. स्वतःची अक्कल पाजळायची नाही.

तर अडीचेक महिन्यांनी प्लास्टर निघालं आणि हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वापरत राहा, कमी होईल. मामाने आठवडाभर चहासुद्धा डाव्या हाताने प्यायला आणि मग जाहीर केलं, "आज वर्ग परत सुरू व्हायचाय ना, जाऊन कायमचा बंद म्हणून सांगून येतो. ज्याची स्वतःची रेघ सरळ येत नाही, तो पोरांना काय शिकवणार?"

"सांगा की," मामी म्हणाली. "पण शर्ट बदलून जा."

पिशवी धरायला म्हणून मी बरोबर गेलो. चौदा मुलं बसलेली. आम्हाला बघताच सगळी गप्प झाली आणि फळ्याकडे बघू लागली. मामाने सांगायला तोंड उघडलं, पण सवय कुणाचं ऐकते? तोंड उघडंच राहिलं आणि हाताने खडू उचलला.

रेघ निघाली ती खड्ड्यांतून सायकल जावी तशी. तरी मामाने ती अर्धी सोडली नाही. त्या टोकाला पोचला आणि तिथेच फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. कान लालबुंद.

कुणी हसलं नाही. नुसती पेन्सिलींची खरखर. मामा वळला, तर चौदा माना खाली आणि निम्म्या जिभा बाहेर.

"मामा, आजची रेघ अवघड आहे हो!" पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी कुरकुरली. प्रत्येक गोष्टीला हरकत घेते म्हणून तिला वर्गात सगळे वकीलबाई म्हणत. "माझी सरळच येतेय."

"माझी थरथरते, पण तुमच्याइतकी बारीक नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"परत काढा ना. सावकाश."

मामाने सावकाश काढली. ही तर पहिलीपेक्षा सुरेख थरथरली.

"बघ, हात सैल सोडायचा," वकीलबाई शेजारणीला समजावू लागली.

मामा वह्या बघत सगळ्यांच्या मागून एक चक्कर मारून आला. खाकरला.

"घाई करू नका," तो म्हणाला. "मला तीन महिने लागले ही यायला."

घरी मामीने विचारलं, "सांगितलंत?"

"नाही जमलं. व्यायाम अर्धाच झालाय त्यांचा," असं म्हणत मामाने उजव्या हाताने कप उचलला. निम्मा चहा बशीत गेला.

"पुसायचं मात्र तुम्हीच," म्हणत मामीने फडकं पुढे केलं.