रस्त्याला शिव्या देणारे आण्णा

आमचे आण्णा सायकलवर बसले की रस्त्याला शिव्या द्यायचे. माणसाला त्यांनी कधी अरे-तुरेसुद्धा केलं नाही, कुत्रं मागे लागलं तरी "जा बाबा, तुझ्या वाटेनं जा" म्हणायचे. रस्त्याचं मात्र सगळं खानदान निघायचं. खड्ड्यात चाक आपटलं की, "मेल्या, तुझा मुडदा बशिवला, काल तर नव्हतास हितं!" मागून येणाऱ्या आम्हा पाच-सहाजणांचं हसून हसून हँडल सोडायचं तेवढं बाकी राहायचं. नवा कुणी सामील झाला की त्याला आधीच सांगून ठेवावं लागे, बाबा रे, हे तुला नाही, डांबराला आहे.

आण्णा पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करत. मूर्तीचं बाकी सगळं कुणीही करो, डोळे त्यांचे. देवाला नजर देताना श्वास धरावा लागतो, बोलता येत नाही, शेजारी कुणी खोकलं तरी ब्रश उचलावा लागतो. असं आठवडाभर तोंड शिवून बसलेला माणूस रविवारी उघड्यावर आल्यावर बोलणार नाही तर काय करील? आणि सायकल कशासाठी, तर डोळ्यांसाठी. "सहा दिवस वितीवरचं बघतो मी, एक दिस लांबचं बघाय लागतं गो," असं ते मला म्हणाले होते. माझं पापडांचं दुकान आहे. मीही दिवसभर पोळपाटाएवढंच जग बघते, त्यामुळे मला ते पटलं आणि मी भावाची सायकल काढली.

ते राहायचे रामवाडीला. तिथून निघायचं, गाव ओलांडायचं, गागोद्याच्या बाजूला आत वळायचं आणि भाताच्या खाचरांमधून चढत धरणाच्या पाण्यापर्यंत जायचं. तिथे पोचल्यावर आण्णा गप्प. पलीकडच्या काठावर गुरं चरत असायची, ती बघत बसायचे. थंडीत मोठी फेरी, नागोठण्यावरून रोह्याला आणि मग कुंडलिकेच्या कडेकडेने वर, नदी खोल दरीत उतरलेली दिसते तिथवर. त्या वाटेवर वडखळचा ट्रकांनी गजबजलेला नाका आला की आण्णा सायकलवरून उतरायचे आणि चालत नाका पार करायचे. मुंबईची रंगीत टोप्या घातलेली सायकलवाली मंडळी शेजारून सुसाट जायची, एखादा हसायचाही. आण्णा म्हणायचे, हितं सायकल चालवणारा शूर नाय, येडा हाय. त्यांना त्यांचा हात प्यारा होता. हात मोडला तर देव आंधळे राहतील, असं ते साध्या हिशेबाने सांगायचे, त्यात फुशारकी नसायची.

म्हणूनच ते गोल सुरू झाले. कारखान्यातला उरलेला पांढरा रंग डब्यात घेऊन आण्णा धरणाच्या वाटेवरच्या वाईट खड्ड्यांभोवती गोल काढायचे, लांबून दिसावेत म्हणून. पुढे काय झालं, तर रस्ता बुजवायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांना वाटलं, ही साहेबांची खूण. त्यांनी नेमके गोलातले खड्डे बुजवले आणि शेजारचे, गुडघाभर खोल, तसेच ठेवून गेले! मग काय विचारता. वाटेवरच्या गावांतून आण्णांना निरोप यायला लागले, आमच्या दारच्या खड्ड्याला पण गोल मारून द्या. आण्णा द्यायचे मारून. एका म्हातारीने तर खड्ड्याच्या कडेला पाट मांडून त्यांना चहा दिला. हसण्यासारखं आहे खरं, पण मला त्याही वेळी हसता हसता तळपायाची आग मस्तकात जायची. रस्ता करणाऱ्याला खड्डा दिसायला गणपती रंगवणाऱ्याचा ब्रश लागतो?

ठेकेदाराला कुणीतरी ते गोल कुणाचे हे सांगितलं असावं, कारण मग गोलातले खड्डेही बुजेनात. पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर कुणा मोठ्या माणसाचा दौरा ठरला आणि त्या वाटेवर एका दिवसात डांबर पसरलं. मी पापडवाली बाई आहे, पातळ लाटणं म्हणजे काय ते मला विचारा. उडदाचा पापडसुद्धा त्याहून जाड असतो. खाली सुटी खडी लोटलेली, वर काळा रंग. खड्डे गेले, गोल गेले. गाड्या आल्या, फोटो निघाले, गाड्या गेल्या.

आषाढातल्या एका रविवारी आम्ही त्या वाटेने उतरत होतो. कारखान्यात कामाचे डोंगर होते, तरी आण्णा आले होते, डोळे थकलेत म्हणाले. काळाभोर रस्ता बघून खूश झाले होते. आज शिव्या नायत, बघ, नवा रस्ता हाय, असं मागे वळून मला सांगितलं. उतारावर एके ठिकाणी पाणी साठलेलं होतं. ती जागा त्यांना माहीत होती, तिथे त्यांनी स्वतः गोल काढला होता. पण वर नवं डांबर चढलेलं, माणूस विश्वास ठेवणारच ना? पाण्याखाली खडी वाहून गेली होती. पुढचं चाक आत गेलं आणि आण्णा उजव्या हातावर पडले. चिखलात बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक हलवून बघत राहिले.

मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली. प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा थरथरायला लागलेला होता, तो थांबला नाही. आणि लोक काय म्हणाले? या वयात सायकल कशाला. साठी उलटल्यावर घरी बसावं. कारखान्याचे मालक म्हणाले, नशीब. डॉक्टर म्हणाले, वय. जो भेटेल तो आण्णांनाच सुनवायचा आणि आण्णा मान डोलवायचे. डांबर खाल्लं त्याला कुणी वय विचारलं नाही. माझं डोकं असं फिरलं की दुकान बंद करून त्या रस्त्याच्या साहेबांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले.

साहेबांनी चहा मागवला. तक्रार वाचली, चौकशी करू म्हणाले, शिवाय सायकलवाल्यांनीही सांभाळून चालवावं असा सल्ला दिला. कागदावर आण्णांचं आडनाव होतं, ते त्यांना ओळखीचं नव्हतं. मी म्हटलं, साहेब, हे आखणीवाले आण्णा. तेव्हा ते खुर्चीत पुढे झाले. त्यांच्या घरची मूर्ती दरवर्षी त्याच कारखान्यातून जायची आणि डोळे आण्णांचेच हवेत असा त्यांचा हट्ट असायचा. मला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल.

"मग आमच्या मूर्तीचं काय?" साहेब म्हणाले.

मी चहा तसाच ठेवून आले. आण्णांना सांगितलं, वाटलं, आता तरी भडकतील. त्यांनी फक्त विचारलं, साहेबांची मूर्ती केवढी हाय. मालकांनी हमरापूरहून एक आखणीवाली आणली होती, हुशार बाई. आण्णांनी तिच्यामागे उभं राहून त्या मूर्तीची आखणी करून घेतली. मी चिडले, म्हटलं याला कशाला एवढं चांगलं? "देवानं काय केलंय त्यात?" आण्णा म्हणाले. मला काही हे असलं जमत नाही, अजूनही नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी साहेब मूर्ती न्यायला आले. मीही होते, मुद्दाम. त्यांनी डोळे निरखले आणि मोठ्याने म्हणाले, आण्णांचाच हात, लपत नाही! मग माझ्याकडे बघून, बघा, बरा झाला की हात, ती तक्रार आता मिटवून टाकू. मी तोंड उघडणार, तोच आण्णांनी मला कोपराने मागे सारलं. त्यांना विडा घ्यायचा होता. मूर्ती नेताना कारागिराच्या हातावर पान-सुपारी ठेवायची आमच्याकडे रीत आहे, आणि ती डाव्या हातात घेत नाहीत.

आण्णांनी उजवा हात पुढे केला. साहेबांनी विडा ठेवला. पान थरथरलं, सुपारी घरंगळली आणि मातीच्या जमिनीवर पडून साहेबांच्या बुटापाशी थांबली.

कारखान्यात सगळे बघत होते. आण्णांनी हात मागे घेतला नाही, तसाच, हलत, पुढे धरून उभे राहिले. साहेबांनी त्या हाताकडे बघितलं, मग सुपारीकडे. वाकले नाहीत. मूर्तीवर रुमाल टाकला, मोरया म्हणाले आणि निघून गेले.

ती तक्रार मिटलेली नाही. मी दर सोमवारी दुकान उशिरा उघडते आणि आधी साहेबांच्या ऑफिसात जाऊन बसते. साहेब म्हणतात, बाई, आता काय हवंय तुम्हाला? मी सांगते, काही नको, खुर्चीवरून खाली उतरा आणि माझ्याबरोबर धरणापर्यंत सायकलवर चला.