फळी आहे, असं तो म्हणाला होता

हे मी आईला सांगितलेलं नाही. खोलीतल्या मित्रांनाही नाही. जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तिला — तिला कळलंय, पण माझ्या तोंडून नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघतो.

मी निपाणीकडचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच. बेंगळुरूला आलो तेव्हा इंग्रजीची भीती होती, कपड्यांची लाज होती. एकच गोष्ट जवळ होती — घरातली मराठी आणि बाजारातलं कन्नड, दोन्ही मला सारखंच यायचं. वर्गातल्या ऋजुताला कन्नड येत नव्हतं. ती नागपूरची, वडील इथंच, बेंगळुरूत हेब्बाळला आयटीत. ती व्हीलचेअर वापरते. आमची ओळख मराठीमुळे झाली आणि बघता बघता मी तिचा दुभाषी झालो. नाव तिनंच ठेवलं. "ए दुभाष्या, काय म्हणून राहिला बे तो?"

जयनगरातला ज्यूसवाला नेहमी माझ्याकडे बघून विचारायचा, "इवरिगे सक्करे हाकला?" — यांना साखर घालू का? ती समोर, हात पुढे केलेला, आणि प्रश्न मला! ती म्हणायची, "सांग त्याले, चाकं खाली हायेत, जीभ वरच हाय." मी फक्त 'कमी साखर' एवढंच सांगायचो. रस्त्यात एखादी बाई थांबून माझ्या डोक्यावर हात ठेवायची — चांगला मुलगा आहेस, देव तुझं भलं करो. ऋजुताकडे नुसता एक सुस्कारा. खरं तर तिला ढकलायची गरजच नसायची, तिची चाकं तिच्या हातात पक्की होती. तरी कोणी बघतंय असं दिसलं की माझे हात आपोआप मागच्या दांड्यांवर जायचे. मला ते आवडायचं. त्या शहरात मला चांगलं म्हणणारं दुसरं होतं तरी कोण?

पण सांगायचंय ते हे नाही. मी अजून कडेकडेनंच फिरतोय.

बोम्मसंद्र्याला एका कारखान्याची भेट ठरली होती. तिथं ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवतात. आमच्यासाठी ती एक सहल. ऋजुतासाठी तसं नव्हतं. तिला प्रोजेक्ट म्हणून स्वतःच्या खुर्चीची हलकी चौकट बनवायची होती, आणि नळी न चिरता किती वाकते हे डोळ्यांनी बघायचं होतं. आदल्या आठवड्यात दुसरं काही बोलतच नव्हती.

सकाळी गेटजवळ मिनीबस उभी. पायऱ्या उंच. सगळे आत बसलेले, सर पुढे घड्याळ बघत. ड्रायव्हर अण्णा खाली उतरला, खुर्चीकडे बघितलं, मग — अर्थातच — माझ्याकडे. कन्नडमध्ये म्हणाला, कँटीनमागच्या ओट्याला बस मागून लावतो, मागचं दार उघडतो, माझ्याकडे फळी आहे. विचार तिला.

खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "अरे चल ना, सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तर तिकडेच जेवावं लागेल!" सगळे हसले. मला दिसलं — बस वळणार, सगळे माना बाहेर काढून बघणार, मग दिवसभर कारखान्यात मी तिच्यासोबत मागे मागे, आणि मित्र पुढे. ते सगळं एका क्षणात दिसलं. तुम्हाला वाटेल, क्षणात माणूस गोंधळतो. मी गोंधळलो नव्हतो.

"काय म्हणून राहिला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "नाही जमणार म्हणतोय."

आणि अण्णाकडे वळून म्हणालो, ती नको म्हणते.

दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? अण्णानं मान हलवली. ऋजुता म्हणाली, "बरं, फोटो काढून आण." मी खिडकीशी बसलो. बस निघाली तेव्हा ती लायब्ररीकडे वळत होती. फोटो मी आणले. ती ते मोठे करून करून बघत राहिली. शेवटी प्रोजेक्टचा विषय तिनं बदलला.

पुढच्या सत्रात पुन्हा त्याच कारखान्याची भेट लागली. तीच मिनीबस, तोच अण्णा. या वेळी तिनं मला हाक मारली नाही. खुर्ची थेट त्याच्यासमोर नेली आणि अडखळत, चुकत, कन्नडमध्ये विचारलं — अण्णा, मी कशी चढू? अण्णाचा चेहरा उजळला. "हलगे इदे अक्का!" फळी आहे! मग त्याला काहीतरी आठवलं. माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, मागच्या वेळीही याला सांगितलं होतं की. तुम्हीच नको म्हणालात ना?

मी तिथंच होतो.

तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग अण्णाला म्हणाली, "आग नंगे कन्नड बर्तिर्लिल्ल, अण्णा. ईग स्वल्प बरत्ते." — तेव्हा मला कन्नड येत नव्हतं. आता थोडं येतं.

बस्स, एवढंच.

लोक तिचं फार कौतुक करतात — एकटी मेट्रोनं आली, एकटी कॉफी प्यायली. ते ऐकून ती डोळे फिरवते. मी थक्क झालो तो त्या वाक्यानं, आणि अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. त्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माझं खोटं तिनं झाकलं नाही आणि उघडंही केलं नाही. सगळ्या बससमोर मला उघडं पाडायचा हक्क तिचा होता, आणि तो हातात असताना ती शिकत असलेल्या भाषेतले शब्द नीट जुळवत होती. एवढं मोठं कोणाला इतक्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं.

फळीवरून ती स्वतःच आत गेली. कारखान्यात वाकलेल्या नळीवरून बोट फिरवताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी एक पूर्ण सत्र लांबवलं होतं.

आम्ही अजून एकाच वर्गात आहोत. बोलतो. पण ती मला दुभाष्या म्हणत नाही आता. नावानं हाक मारते.

तर त्या सकाळी तो काय म्हणाला होता, ते आज जसंच्या तसं सांगतो. ओट्याला बस लावतो, माझ्याकडे फळी आहे, विचार तिला.

मी विचारलं नाही.