बाटली कधी फोडली?

आमच्या वाडीवर येणाऱ्या नर्सबाई ख्यालीखुशालीच्या आधी औषधाची चौकशी करत. घरात शिरल्यावर त्यांची नजर आधी कोनाड्याकडे जाई. तिथे देवाच्या टाकांशेजारी, काडेपेटी आणि तेलाच्या बुधलीच्या मधे, डोळ्यांत घालायच्या थेंबांची एखादी बाटली हमखास असे. ती उचलून त्या विचारत, “कधी फोडली?” उत्तर आले नाही तर बाटली परत मिळत नसे. बाई अंगणात जाऊन ती मातीत रिकामी करत. लोकांनी त्यांचे नाव तारीखबाई ठेवले होते. ते त्यांच्या कानावर गेले होते आणि त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

आमची वाडी आंबेगाव तालुक्यात, तळेघरच्या पुढे. बाई देशावरच्या, नारायणगावच्या बाजूच्या. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे तीन वाड्या होत्या आणि तिन्ही पायी करायच्या. खांद्याच्या पिशवीत लसींचा डबा, गोळ्या, चिकटपट्टीचे रीळ आणि दोऱ्याने बांधलेले बॉलपेन. फोडलेल्या बाटलीवर त्या पट्टीचा तुकडा लावत आणि त्यावर तारीख घालत. ज्या घरात वाचणारे कोणी नसे, तिथे तारखेऐवजी चंद्र काढत. “अवसेला फोडली. पुढच्या अवसेला टाकायची. थेंबभर उरली काय अन् निम्मी उरली काय.”

हा हट्ट उगाच नव्हता. बाई येण्याआधी डोळे आले की अख्ख्या वाडीत एकच बाटली फिरत असे. सकाळी एका घरात, दुपारी दुसऱ्या, जशी विरजणाची वाटी फिरते तशी. बाटलीचे टोक प्रत्येकाच्या पापणीला टेकत असे, आणि साथ बाटलीबरोबरच घरोघर जात असे. बाईंनी पहिल्या वर्षी हे पाहिले आणि ओट्यावर बायका गोळा करून थेंब घालायला शिकवले. हात साबणाने धुवायचे. खालची पापणी ओढून खळगा करायचा. थेंब एकच, कारण दुसरा गालावरूनच वाहतो. टोक कशाला टेकवायचे नाही. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. आणि एकाची बाटली दुसऱ्याला द्यायची नाही. “नवरा असला तरी नाही,” त्या म्हणत. बायका हसत आणि वाक्य लक्षात राहत असे.

त्यांचा खरा सामना हौसाआजीशी होता. हौसाआजी आमच्या शेजारची, साठीच्या पुढची, एकटी राहणारी. भाताच्या झोडणीत कोणाच्या डोळ्यात कुसळ गेले की माणसे खळ्यावरून थेट तिच्याकडे येत. ती तोंडातली तंबाखू थुंकून चूळ भरे, दोन बोटांनी पापण्या फाकवी आणि जिभेच्या शेंड्याने कुसळ अलगद उचलून घेई. तिचे डोळे असे तीक्ष्ण होते, की तुसाचा तुकडा तिला उंबऱ्यावरूनच दिसे. तिने किती जणांच्या डोळ्यांतून काय काय काढले असेल याची नोंद कुठेच नाही.

“आजी, हे बंद करा. तोंडात जंतू असतात,” बाई म्हणत.

“माज्या तोंडातलं जंतू माज्या वळकीचं हायेत. तुमच्या बाटलीत कोण कोण बसलंय, आमाला काय म्हाईत?”

यावर बाईंनी एकदा बाटली तिच्यासमोर धरली आणि लेबलवरच्या नावांवरून बोट फिरवले. “तीन जण आहेत. पाणी, औषध आणि राखणदार. औषध जंतू मारतं. राखणदार पाणी नासू देत नाही. पण एकदा तोंड उघडलं की वारा जातो, धूळ जाते. राखणदार एकटा किती पुरणार? महिनाभर.”

“मंजी आमच्या माळ्यावरल्या गड्यावाणी. म्हैना झाला की गावाला पळतो.”

“तसंच.”

आजीला ते पटले. पुढे वाडीत कोणीही जुनी बाटली काढली की ती ओरडे, “अरं टाक, राखणदार पळालाय त्यातला!” जिभेचे काम मात्र तिने सोडले नाही, आणि बाईंनी बोलायचे सोडले नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर, झोडणीच्या तोंडावर, बाईंनी घरटी एक सीलबंद बाटली वाटली. देताना प्रत्येकाला विचारले, की सल्फाची गोळी खाऊन कधी अंगावर पुरळ उठला होता का. ज्यांना उठला होता त्यांना दिली नाही, कारण थेंब त्याच जातीच्या औषधाचे होते. बाटलीच्या झाकणात आत एक काटा असे. झाकण पूर्ण पिळले की काटा टोकाला भोक पाडी. तोवर ते अर्धवट ठेवायचे. बाईंचे सांगणे सगळ्यांना सारखेच होते: फोडल्यावर महिना. दोन दिवसांत उतार नाही पडला, दुखणे वाढले, अंधूक दिसले किंवा बुबुळावर पांढरे आले, तर थेंब बंद आणि माझ्याकडे, मी नसले तर घोडेगावच्या दवाखान्यात. यातले पहिले वाक्य त्या दोनदा म्हणत.

हौसाआजीने तिची बाटली टाकांशेजारी ठेवली. तिची लेक पौषात बाळंतपणाला येणार होती. नव्या जिवाच्या डोळ्याला काही झाले तर घरात औषध हवे, असा तिचा हिशेब. बाळाच्या डोळ्यात विचारल्याशिवाय काही घालायचे नाही, हे बाईंनी सांगितले असते. पण आजीने हा बेत कोणाला सांगितला नव्हता.

दिवाळीनंतर बाई पोलिओचे डोस पाजण्याच्या कामावर बाहेर होत्या. पंधरा दिवस वाडीवर कोणी आले नाही. त्या पंधरा दिवसांत, नाचणी उरकून भात झोडताना, आजीच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेले. दुसऱ्या कोणाला जिभेने काढता येत नव्हते. तिने पाण्याने धुतले, पदराच्या टोकाने काढले. कुसळ निघाले, पण ओरखडा राहिला असणार. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला आणि उजेड सोसेना.

कोनाड्यात बाटली होती. ती फोडली असती तर महिन्यात टाकावी लागली असती आणि पौष दीड महिन्यावर होता. म्हणून आजी शेजारी गेली आणि आधीच फोडलेली बाटली आहे का, असे तिने विचारले.

शेजारचे घर आमचे. बाटली माझी होती. मी तेव्हा पुण्यात एका वर्तमानपत्रात काम करत होतो. पावसाळ्यात डोळे आले तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून ती घेतली होती, चिठ्ठीशिवाय. दिवाळीला घरी आलो आणि ती तिथेच विसरलो. आईने आजीला दिली. आईने नाही म्हणायला हवे होते असे म्हणता येत नाही. दारात आलेल्या माणसाचा डोळा लाल होता आणि घरात डोळ्याचे औषध होते.

थेंबांनी आराम पडला. दुसऱ्या दिवशी लाली गेली, दुखणे थांबले. आजी पुन्हा खळ्यावर गेली. आईला म्हणाली, “पुन्याचं औशिद लई गुनाचं गं.” ती रोज चार वेळा थेंब घालत राहिली. आठवड्याने तिला त्या डोळ्यासमोर धुके दिसू लागले. ते तिने कोणाला सांगितले नाही, कारण दुखत नव्हते.

बाई आल्या तो रविवार होता. मीही सुटीला आलो होतो, म्हणून पुढचे मी पाहिलेले आहे. आजी पायरीवर बसली होती. बाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले. बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा करडा-पांढरा डाग होता, कडा पिसासारख्या फाटलेल्या. बाईंनी हात काढून घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“आजी, बाटली कधी फोडली?”

आजी उठली. आत गेली आणि कोनाड्यातली बाटली घेऊन आली. झाकण तसेच अर्धवट होते. तिच्या तोंडावर पाठ म्हणून दाखवणाऱ्या पोरीसारखा आनंद होता.

“फोडली न्हाई, बाई. हे बगा. तुमी सांगितल्यावाणी ठिवलीया.”

बाईंनी झाकण बोटाने चाचपून पाहिले. त्यांनी विचारले, “मग डोळ्यात काय घातलंत?”

आईने आमच्या कोनाड्यातून माझी बाटली आणून दिली. बाईंनी लेबल वाचले. मग मला म्हणाल्या, “भाऊ, ही कधी फोडली?”

मला आठवत नव्हते. तसे सांगितले.

“दुसरं नाव वाचा.”

मी वाचले. डेक्सामेथासोन.

“हे जंतू मारत नाही. सूज दाबतं. डोळा जो ओरडतो ना, त्याचं तोंड दाबतं. आत चोर असला तर त्याला रान मोकळं. भाताच्या कुसळाबरोबर बुरशी जाते डोळ्यात, आणि बुरशीला याच्यासारखं खत नाही.” एवढे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते.

त्या दिवशीची एसटी गेली होती. दुसऱ्या दिवशी बाई आजीला घेऊन घोडेगावला आणि तिथून जुन्नरला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. मी सोबत होतो. डॉक्टरांनी तपासले आणि पुण्याला न्यायला सांगितले. पुण्यात बुरशीवरचे थेंब सुरू झाले. रात्रंदिवस, दर तासाला एक. आजी तीन आठवडे दवाखान्यात होती. बाई रजा काढून दोनदा आल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, डोळा काढावा लागणार नाही, पण नजर येणार नाही. बुबुळावर फूल पडले होते आणि ते राहणार होते.

बाईंनी त्यांना एकच विचारले. सरकारी बाटली वेळेवर फोडली असती तर? डॉक्टर म्हणाले, तिने काही झाले नसते. ते औषध बुरशीवरचे नाहीच. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

बाहेर व्हरांड्यात मी तेच पुन्हा सांगू लागलो. बाईंनी मला थांबवले.

“औषधानं डोळा वाचला नसता, ते मलाही कळतं. पण तिनं ती फोडली असती, तर दोन दिवसांत उतार पडला नसता, आणि ती मला शोधत आली असती. मी नव्हते, तर घोडेगावला गेली असती. तेवढं तिला पाठ होतं. फोडायचीच नाही, असं झाल्यावर पुढचं पाठांतर काय करायचं?”

माझ्या बाटलीबद्दल त्या तेव्हा बोलल्या नाहीत, नंतरही नाही.

लेक पौषात आली. नातू झाला. त्याच्या डोळ्यांना काही झाले नाही. बाटलीची गरज पडली नाही.

पुढच्या झोडणीला बाईंनी पुन्हा बाटल्या वाटल्या, तेव्हा सांगण्याचा क्रम बदलला होता. “दुखलं की आधी फोडा. त्याच दिवशी. उरलेली टाकायचं पाप माझ्यावर.” हे त्या दोनदा म्हणत. मग दुकानातल्या बाटलीविषयी: दुसऱ्यासाठी आणलेली नको, चिठ्ठीशिवाय आणलेली नको, आणि लाली गेली म्हणजे दुखणे गेले असे समजू नका. चंद्र काढणे चालू राहिले.

हौसाआजीने जिभेचे काम सोडले. बाईंनी इतकी वर्षे सांगून जे झाले नाही ते असे झाले. एका डोळ्याने तिला कुसळ नेमके कुठे आहे ते कळेना. एकदा कोणी आले तेव्हा तिने पापण्या फाकवल्या, बराच वेळ पाहिले आणि सोडून दिल्या. “जा बाबा बाईकडं,” ती म्हणाली. बाई आठवड्यातून एकदा येत. बाकीचे सहा दिवस वाडीत आता कुसळ काढणारे कोणीच नव्हते. बाई एकदा आईला म्हणाल्या, “माझं ऐकलं त्यांनी, मावशी. असं ऐकायला नको होतं.”

दोन हजारनंतर दोनेक वर्षांत बाईंची बदली जुन्नर तालुक्यात, घाटघरच्या बाजूला झाली. निघायच्या दिवशी ओट्यावर बायका जमल्या. कोणी तांदूळ दिले, कोणी हिरडे. हौसाआजी शेवटी आली. तिने पदराची गाठ सोडून ती बाटली काढली. इतकी वर्षे ती टाकांशेजारीच होती.

“तुमची वस्तू तुमी घेऊन जा. कुनाच्या तरी कामी यील. आजून सील हाय.”

बाईंनी बाटली उजेडात धरली. पाणी पिवळसर झाले होते. कारखान्याने छापलेली मुदत केव्हाच संपली होती. फोडली नाही तरी ती मुदत संपते, हे त्यांनी आजीला कधी सांगितले होते की नाही, मला माहीत नाही. त्यांनी पिशवीतून चिकटपट्टी काढली, तुकडा लावला, त्यावर त्या दिवशीची तारीख घातली. मग झाकण पूर्ण पिळले. आत काटा टोचल्याचा बारीक आवाज झाला. त्या अंगणाच्या कडेला गेल्या आणि बाटली उलटी धरून दाबत राहिल्या. थेंब एकेक करून पडत होते. वेळ लागला.

आजी चांगला डोळा त्या बाजूला करून पाहत होती.

“लई जपली व्हती वो बाई,” ती म्हणाली.