आयफोन घेईन, पण बाबांचं काय?

आमच्या घरात कितीतरी वर्षं एकच फोन होता, आणि तो घरात नसायचा. तो बाबांच्या शर्टाच्या खिशात असायचा, बाबा ऑटोत असायचे, आणि ऑटो झाशीत कुठेही असायचा. बटणांचा साधा फोन, मागचं झाकण रबरबँडने आवळलेलं. ऑटो भाड्याचा. ओरछा गेटाजवळच्या गल्लीत आमची एक खोली. तिच्या खिडकीशी बसून आई बड्या बाजारातल्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावायची. संध्याकाळी उजेड गेला की सुई थांबायची, कारण दिवा एकच, आणि त्याखाली ती बसली तर मला आणि धाकट्या भावाला अभ्यासाला कोपरा उरायचा नाही.

कॉलेजचा फॉर्म भरायला मी सायबर कॅफेत गेले, तेव्हा कळलं की ओटीपी फोनवर येतो. फोन म्हणजे बाबांचा खिसा. मी कॅफेवाल्याच्या फोनवरून बाबांना फोन लावला. बाबांना इंग्रजी येत नाही, मेसेजात ओटीपी कुठला ते त्यांना कळणार नाही. ते मागे बसलेल्या सवारीला म्हणाले, "बहनजी, ज़रा पढ़ दीजिए." बहनजींनी चष्मा शोधेपर्यंत ओटीपी मेला. दुसराही मेला. तिसऱ्या वेळी बाबा सरळ ऑटो घेऊन कॅफेच्या दारात. मागे भाजीच्या पिशव्यांसकट त्याच बहनजी, चष्मा नाकावर. त्यांनी ऑटोतूनच सहा आकडे असे खणखणीत वाचले की समोरच्या पानवाल्यानेही ऐकले. फॉर्म गेला. त्या बाई कोण, मला आजही माहीत नाही.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी लाजत सांगत नाही, छाती काढून सांगते. पूर्वज तलवारी घेऊन दक्षिणेतून इकडे आले म्हणतात. पदवी घेऊन कोणी आलं नव्हतं. आता मी एका शाळेत गणित शिकवते. ऑटो आमचा स्वतःचा झाला, आणि फोन एकाचे चार झाले.

इथे आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. चारही फोन एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, आणि पडद्यावरची चित्रंही त्याच त्या जागी लावलेली. कारण बाबा फोन वाचत नव्हते, फोनची जागा ओळखत होते. बुकिंगचं अ‍ॅप घेतलं तेव्हापासून ते जागेवर आणि रंगावर चालायचे: हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही, पत्ता सवारीलाच फोन करून विचारायचा. मधेच पडद्यावर एखादी नवी पाटी उगवली की मला फोन. मी माझा फोन समोर धरायची आणि सांगायची, "बाबा, खाली दोन ओळी दिसतात? वरची दाबा. वरची! लाल नाही!" हे बहुतेक दुपारच्या सुट्टीत. आठवीची मुलं वर्गात माझी नक्कल करतात, "लाल नाही, बाबा!" करू देत.

तर, माझ्या फोनने या वर्षी मान टाकली. पडद्याची खालची पट्टी बहिरी झाली. खालचं बटण दाबायचं तर फोन उलटा करायचा, म्हणजे चित्र फिरून ते बटण चांगल्या टोकाला यायचं, आणि घाईने दाबायचं. 'येते' लिहायला मी फोनला दोनदा कोलांटी मारायला लावायची. भाऊ म्हणाला, "ताई, हा फोन आहे की सर्कस?"

"नवा घेणार आहे," मी म्हटलं. आणि तोंडातून निघूनच गेलं, "आयफोन."

 त्यावर घरात जो गोंधळ सुरू झाला, तो दहा दिवस थांबला नाही.

भाऊ लगेच वकील झाला. तो अँड्रॉइडच्या बाजूने. "त्या पैशात दोन येतील. चार्जर कुणाचाही चालेल. बिघडला तर सीपरी बाजारात दर तिसऱ्या दुकानात दुरुस्ती. आयफोन घेशील तर पाणीपुरीवाल्यासमोरही तो असा धरून उभी राहशील, मागची बाजू लोकांकडे करून."

"करीन. कमावते मी."

आईचा प्रश्न वेगळाच होता. तिने भावाच्या फोनवर आयफोनचं चित्र बघितलं, मोठं करून बघितलं. "हे सफरचंद चावलेलं आहे."

"ती खूण आहे, आई."

"खूण असो. उष्टं आहे. नवी वस्तू घरात आणली की मी देवापुढे ठेवते. हे कसं ठेवू?"

"पालथं नको, उताणं ठेव," भाऊ म्हणाला. "देवाला पडदाच दिसेल."

मी हसून हसून खाटेवर पडले. खरं सांगते, मला वेडच लागलं होतं. शाळेत जाता-येता मी फोनच बघत होते. पिवळा घेऊ की काळा? स्टाफरूममध्ये एका मॅडमचा आयफोन मी पाच मिनिटं हातात धरला आणि परत देताना चक्क 'थँक्यू जी' म्हणाले, मॅडमना नव्हे, फोनला. रात्री ठरवायची आयफोन, सकाळी भावाचं पटायचं, शाळेच्या फाटकापर्यंत पुन्हा आयफोन.

 शेवटी एकदा जेवताना बाबा म्हणाले, "घे ना. आयफोन घे. माझं होईल."

ते 'माझं होईल' मला बोचलं. चारातला एक फोन वेगळा झाला की माझ्या हातात बाबांचा पडदा उरणार नव्हता. आईला यंत्रातलं काही कळत नाही, भाऊ दिवसभर वर्गात. नवी पाटी उगवली की बाबा कुणाला विचारणार? एकदा त्यांनी चुकीची ओळ दाबली होती, तर अर्धा दिवस एक बुकिंग आलं नव्हतं, आणि ते स्टँडवर बसून राहिले होते, फोन शांत का म्हणून त्याला मधूनमधून हलवत.

दुसऱ्या सकाळी ऑटो पुसताना सीटखाली मला एक वही सापडली. पानापानावर पट्टीने आखलेले चौकोन. बाबांनी फोनचे पडदे काढून ठेवले होते! कुठे हिरवा रंग भरलेला, कुठे लाल, आणि बाजूला त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'ही पाटी आली तर खालचं.' 'ही आली तर ताईला विचारायचं.' त्यातलं 'ताईला विचारायचं' जागोजाग खोडलेलं, आणि पुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

मी वही घेऊन तिथेच ऑटोत बसले. आधी डोळ्यांत पाणी आलं. मग डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि मी स्वतःलाच म्हटलं, अगं गणिताच्या मास्तरणी! बाबा लिहितात! पाचवी शिकलेत, दुकानांच्या पाट्या वाचतात, वर्तमानपत्र वाचतात. त्यांना फोन वाचता येत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. फोन त्यांना कळेल अशा भाषेत लावायचं मात्र आमच्या चौघांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं. दुकानदाराने इंग्रजीत दिला, आम्ही इंग्रजीत वापरला. डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत असते, तसा फोनही इंग्रजीतच असतो, असं आमचं सरळ डोकं.

मी बाबांचा फोन मागून घेतला आणि भाषांची यादी उघडली. हिंदी होती. खाली सरकवलं, तर मराठी.

"आपली?" आई साडी बाजूला ठेवून उठलीच. "इथे? फोनमध्ये?"

तिचं आश्चर्य तुम्हाला पुण्या-मुंबईत बसून कळायचं नाही. आमची मराठी उंबऱ्याच्या आतली. दाराबाहेर पाय टाकला की हिंदी, बाजारात बुंदेली. भाऊ तर मराठी ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो. एवढ्याशा घरगुती भाषेला कुणी फोनात जागा दिली असेल, हे आमच्या कल्पनेतच नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, हिंदी लावते. सोपं पडेल."

"मराठी लाव," बाबा म्हणाले. "बघू तर, काय बोलतो."

लावली. बुकिंगच्या अ‍ॅपमध्येही सोय निघाली, तिथेही लावली. लगेच एक पाटी उगवली. आम्ही तिघं तिच्यावर वाकलो. बाबांनी बोट धरून वाचलं, "तुमचे... स्थान... वापरण्याची... अनुमती... द्यायची का?"

ते थांबले. पुन्हा वाचलं. मग वर बघून म्हणाले, "हा मला विचारतोय?"

"हो."

"अनुमती? माझी?" त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "अरे यार! जन्म गेला माझा परमिटसाठी दुसऱ्यांकडे अनुमती मागण्यात. आणि हा बसलाय, मला विचारतोय! आणि 'तुमचे' म्हणतोय. स्टँडवर सगळे 'ए ऑटो' म्हणतात."

"मग देता का अनुमती?" आईने विचारलं.

"देतो," बाबा म्हणाले, आणि दरबारात बसल्यासारखं बोट टेकवलं.

त्या दिवसापासून ठरलं: पंधरा दिवस मी बाबांच्या फोनकडे बघायचंसुद्धा नाही. ते पंधरा दिवस घरात आकाशवाणी सुरू होती. फोनवर जे उगवेल ते बाबा मोठ्याने वाचायचे. "बॅटरी कमी आहे!" "स्टोरेज भरत आले आहे!" त्यावर आई, "त्याचं भरत आलं, माझा पिठाचा डबा तेवढा रिकामा." "अपडेट उपलब्ध आहे, आता की नंतर?" बाबांनी 'नंतर' दाबलं आणि म्हणाले, "आरामात. घाई काय आहे."

चुका झाल्याच. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'रद्द करा' दाबून चांगली सवारी घालवली. घरी येऊन स्वतःवरच चिडले, वहीत नवं पान उघडलं, 'रद्द' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मला फोन आला नाही. पाचव्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना मीच फोनकडे बघत बसायची. मुलंही विचारायला लागली, "मॅम, आज बाबांचा फोन नाही?"

सोळाव्या दिवशी बाबांच्याच ऑटोतून आम्ही सीपरी बाजारात गेलो. दुकानदार ओळखीचा, पन्नाशीचा. त्याने काउंटरवर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले, डावीकडे भारीतला अँड्रॉइड, उजवीकडे आयफोन, आणि हात जोडून म्हणाला, "दीदी, दोनों अच्छे हैं. अब आपका दिल जाने."

माझ्या दिलाला काही कळेना. डावीकडच्याचा कॅमेरा असा की दुकानाच्या टोकाची किंमतपट्टी वाचता येईल. उजवीकडचा हातात घेतला की हातच बदलल्यासारखा वाटे. मी डावा उचलला, उजवा ठेवला, उजवा उचलला. दुकानदाराने चहा मागवला. बाबा स्टुलावर बसून बघत होते, आणि मला पुन्हा वाटलं, नको, घरच्यासारखाच घेऊन टाकू. एखाद दिवशी काही अडलंच तर?

तेवढ्यात बाबांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढला, हात लांब धरून वाचला. ओठ हलत होते. "नवीन बुकिंग. रेल्वे स्टेशन." मग अजून एक पाटी आली असावी, कारण ते थांबले. मी स्टुलाकडे वळले, तर त्यांनी हात वर केला. "थांब. वाचतोय." वाचून झालं. बोट टेकवलं. उठले.

"चाललो मी."

"बाबा! आणि मी?"

"तू घे ना तुझा फोन," बाबा दारातून म्हणाले. "आणि घरी दुसरा ऑटो करून ये. मी कामावर आहे."

दुकानदार हसत सुटला. "दीदी, आपको तो बीच में ही उतार दिया!"

मी बाहेर बघितलं. ऑटो गर्दीत वळला, बाबांनी वळताना हॉर्न दिला. मी काउंटरकडे वळले आणि म्हटलं, "भैया, आयफोन. पिवळा."

आईने तो देवापुढे ठेवला. उताणाच. हळदकुंकू लावलं.

माझ्या हातात आता आयफोन आहे, माझ्या कमाईचा. बाबा अँड्रॉइड मराठीत वापरतात, आणि दिवसभरातलं प्रत्येक बुकिंग स्वतः वाचून घेतात.