आधी तळवे बघा

कुत्र्याचे किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप गावभर होतात. कुत्रा सुई बघून टेबलावरून उडी मारून पळाला, की संध्याकाळपर्यंत ती गोष्ट नाशिकरोडच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचलेली असते. सशाचं तसं नाही. ससा भुंकत नाही, तक्रार करत नाही, दुखलं तरी गप्प बसून राहतो. त्यामुळे सशांचे किस्सेही गुपचूप साचत जातात. आणि एखाद्या दिवशी मित्रमंडळींत बसलं की लक्षात येतं, अरे, आपल्याकडे तर पोतंभर झालेत.

मी जनावरांची डॉक्टर. दवाखाना दोन खोल्यांचा. सोबत सुनंदाताई. त्या पेशंट धरतात, ड्रेसिंगला मदत करतात, आणि पेशंटच्या मालकांना माझ्यापेक्षा जास्त रागावतात.

हल्ली फ्लॅटमध्ये ससे पाळणारे बरेच झालेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या सशांचं एक दुखणं ठरलेलं असतं: मागचे तळपाय. कुत्र्या-मांजरांच्या पंजाला खाली गादी असते. सशाला ती नसते, नुसती दाट लव असते. ती झिजली की कातडी लाल होते, मग सोलते, मग जखम होते. आणि ससा त्या जखमेवरच बसलेला असतो, म्हणून ती कुणाला दिसत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, आधी तळवे बघा.

\* \* \*

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ टायरचं दुकान असलेले बागूल एकदा ससा घेऊन आले. सशापेक्षा पिंजऱ्याचं कौतुक जास्त.

"मॅडम, इम्पोर्टेड पिंजरा आहे. खाली तारेची जाळी. घाण सगळी आपोआप ट्रेमध्ये पडते. हात लावायला नको."

ससा उलटा धरला तर दोन्ही तळव्यांची लव गेलेली, कातडी लालभडक. मी त्यांना जाळीचं समजावून सांगितलं. बागूल मान डोलवत होते, पण गिऱ्हाइकाचं ऐकून घेताना दुकानदार डोलवतो तशी.

सुनंदाताई आत गेल्या आणि जुन्या कूलरची लोखंडी जाळी घेऊन आल्या. दोन विटा मांडल्या, त्यावर जाळी ठेवली.

"बूट-मोजे काढा आणि यावर उभे राहा," त्या म्हणाल्या.

बागूल हसत हसत उभे राहिले. मी सशाची वाढलेली नखं कापायला घेतली. नखं लांब झाली की बोटं वर उचलली जातात आणि सगळा भार टाचेवर येतो. मग जखम पुसली, मलम लावलं. एव्हाना बागुलांचं हसू गेलं होतं. आधी उजवा पाय उचलून बघितला, मग डावा.

"मॅडम, कळलं. उतरू का?"

"ससा उतरला होता का?" सुनंदाताई म्हणाल्या.

त्याच दिवशी बागुलांनी जाळीवर प्लायवूड टाकलं, त्यावर जाड मऊ चादर, वर वाळलेल्या गवताचा थर. आता रोज चादर बदलायला हात लावावाच लागतो, आणि बागूल तो लावतात.

\* \* \*

ओझरकडच्या एका द्राक्षबागायतदारांचा सोनू हा मी पाहिलेला सगळ्यात गुबगुबीत ससा. सूनबाई त्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन आल्या. मागोमाग नवरा, सासूबाई आणि आजोबा. एवढ्या वजनाखाली तळव्यांची काय अवस्था असणार ते न बघताच कळत होतं.

"काय खातो?" मी विचारलं.

"गवत," चौघेही म्हणाले.

"नुसत्या गवतावर असं अंग धरत नाही. नीट आठवून सांगा."

मग आजोबा म्हणाले, "मी सकाळच्या च्याबरोबर चतकोर पोळी देतो. जास्त नाय."

सासूबाई त्यांच्याकडे बघायला लागल्या. "मी पण चतकोरच घालते. दुपारची."

"मी शेतावरून आलो की एक चतकोर देतो," नवरा म्हणाला.

सूनबाईंनी मान खाली घातली. "मी रात्री देते. मला वाटलं, दिवसभर उपाशीच असतो."

आजोबांनी बोटांवर हिशोब केला. "म्हंजे रोज अख्खी पोळी हाणतोय की हा. तरीच मी म्हणायचो, चतकोरावर इतका कसा वाढला."

द्राक्षांचा विषय तर अजून निघालाच नव्हता.

आहाराची जबाबदारी मी आजोबांवरच टाकली. वाळलेलं गवत पोटभर, हिरवा पाला मोजका, पोळी आणि द्राक्षं बंद, आणि रोज ओसरीवर मोकळं फिरवणं. पुढच्या खेपेला सोनूचं अंग हलकं झालं होतं आणि तळव्यांच्या जखमांवर खपली धरली होती. सासूबाई मात्र वैतागल्या होत्या.

"डॉक्टर, ह्यांना जरा समजावा. आता घरात आम्ही कुणी पोळी मोडली तरी हे विचारतात, कुणासाठी?"

\* \* \*

पंचवटीतल्या एका गुरुजींकडचा ससा वेगळ्याच कारणानं आला. वजन बेताचं, बसायला जाड सतरंजी, खायला रोजच्या पूजेतल्या उरलेल्या कोवळ्या दूर्वा. असं नशीब किती सशांना मिळतं? तरी तळवे ओले, पांढरे पडलेले, मध्ये चिरा.

"याचे पाय ओले कशानं होतात?" मी विचारलं.

"अंघोळीनं," गुरुजी सहज म्हणाले.

"सशाला अंघोळ?"

"रोज. अहो, तो देवघरात येऊन बसतो. बिनअंघोळीचा कसा चालेल?"

मी सांगितलं, सशाला अंघोळ घालायची नसते. तो घाबरतो, गारठतो, आणि लव ओली राहिली की खालची कातडी कुजायला लागते. पाय कायम कोरडे पाहिजेत. गुरुजींना पटत होतं, पण चेहऱ्यावर पेच दिसत होता. बाहेर पडताना म्हणाले, "विचार करतो."

पुढच्या आठवड्यात आले ते प्रसन्न चेहऱ्यानं. तळवे कोरडे होते, चिरा मिटत आल्या होत्या.

"अंघोळ बंद केली?"

"केली. मार्ग सापडला."

"काय मार्ग?"

"सोवळ्यात आम्ही धाबळी नेसतो ना, ती लोकरीची. लोकरीला विटाळ नसतो. आणि हा," त्यांनी सशाच्या पाठीवरून हात फिरवला, "हा तर धाबळी नेसूनच जन्माला आलाय."

\* \* \*

बँडेज टिकवणं हा स्वतंत्र प्रकार आहे. ससा ते दातांनी कुरतडतो. एकदा सुनंदाताईंना युक्ती सुचली, बँडेजवरून तान्ह्या बाळाचा मोजा चढवायचा. त्या लगेच समोरच्या दुकानात गेल्या.

"बाळ केवढंय?" दुकानदारानं विचारलं.

"पाच वर्षांचं."

"मग हे नाही बसणार, ताई."

"बसतील. पायानं बारीक आहे. कान तेवढे मोठे आहेत."

दुकानदारानं मोजे दोन-तीन रंगांत दाखवले.

\* \* \*

आणि हा किस्सा साळवे काकांचा.

साळवे काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. काकू शाळेत शिक्षिका होत्या. मुलगी नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि जाताना तिचा ससा यांच्याकडे ठेवून गेली. काकांनी त्याचं जुनं इंग्रजी नाव बदलून मेगावॅट ठेवलं. "नाव उच्चारताना तोंड वाकडं करावं लागू नये," असं त्यांचं म्हणणं.

मुलगी गेल्यावर मेगावॅट खेळेनासा झाला. दिवसभर गॅलरीतल्या गुळगुळीत फरशीवर एकाच कोपऱ्यात बसून राहायचा. काका त्याला माझ्याकडे घेऊन आले तेव्हा डाव्या टाचेशी खोल जखम झाली होती, आत पू.

"पण हा कधी लंगडला नाही," काका म्हणाले. "कण्हला नाही. जेवतही होता."

"ससा दाखवत नाही, काका. रानात जो लंगडतो तो आधी पकडला जातो. म्हणून न दुखल्यासारखं करणं त्याच्या रक्तातच असतं. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजायचं नाही. रोज उलटा करून तळवा बघायचा."

काकू भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी काकांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. पण जखम तिथवर पोचायला फार वेळ लागला नसता, आणि हाडात गेली असती तर पाय वाचवणं अवघड होतं. मी ते स्पष्ट सांगितलं. काका ऐकत होते आणि त्यांचा हात मेगावॅटच्या कानांवरून सारखा फिरत होता. ससा पोरीनं जाताना सोपवलेला होता. आता तिला काय सांगायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग त्यांनी जे केलं ते मी फार कमी लोकांना करताना पाहिलंय. ड्रेसिंग शिकून घेतलं. औषधाची वेळ चुकवली नाही. गॅलरीतून त्याला हॉलमध्ये आणलं, खाली जुनी गोधडी, वर मऊ चादर, ओली झाली की लगेच दुसरी. गुडघे दुखत असताना जमिनीवर बसून त्याला हळूहळू चालवलं. दर खेपेला जखम थोडी लहान होऊन यायची.

एका शनिवारी ड्रेसिंग झाल्यावर काकू उठल्या आणि म्हणाल्या, "आज दोन पेशंट आहेत."

मी दाराकडे बघितलं. दुसरा ससा कुठे दिसेना.

"ह्यांचा बूट काढायला सांगा," काकू म्हणाल्या.

"काकू, मी जनावरांची डॉक्टर आहे."

"माहितीये. म्हणूनच आणलंय. माणसांच्या डॉक्टरकडे ते जात नाहीत."

काकांना बरीच वर्षं शुगर. पायाला मुंग्या यायच्या, त्या मध्यंतरी थांबल्या, तर काका म्हणत होते, पाय बरा झाला. त्या सकाळी काकूंना पायपुसण्यावर ओला डाग दिसला होता.

"मला काही दुखत नाहीये," काका म्हणाले. एवढं बोलून ते स्वतःच थांबले. टेबलावरच्या मेगावॅटकडे बघितलं. मग वाकून बूट काढला, मोजा काढला. मोजा तळव्याला चिकटला होता, तरी त्यांच्या तोंडावर काही उमटलं नाही.

अंगठ्याखाली जखम होती. मी हात लावला नाही. सुनंदाताईंनी त्यावर स्वच्छ कोरडी पट्टी ठेवली.

"काका, मेगावॅटसाठी तुम्ही एक दिवस तरी थांबला असतात का?"

"नाही."

"मग आत्ता इथूनच हॉस्पिटलला जा. घरी न जाता."

सुनंदाताईंनी रिक्षा बोलावली. काकूंनी काकांना एका हातानं धरलं, दुसऱ्या हातात बूट. मेगावॅट आमच्याकडेच राहिला.

सर्जननं काकांना ठेवून घेतलं. बोट जाईल की राहील, ते सांगता येत नव्हतं. काकू रोज संध्याकाळी येऊन मेगावॅटला बघायच्या, त्याचं ड्रेसिंग होईपर्यंत बसायच्या आणि परत हॉस्पिटलला जायच्या. एकदा एवढंच म्हणाल्या, "पोरीला अजून सांगितलं नाही." सुनंदाताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्या दिवशी त्या कुणालाच रागावल्या नाहीत.

बोट राहिलं.

काका घरी आल्यावर मी भेटायला गेले. ते पलंगावर पाय वर ठेवून बसले होते, पायाला जाड पट्टी. खाली गोधडीवर मेगावॅट, त्याचीही पट्टी अजून निघायची होती.

"काय सांगितलं सर्जननी?" मी विचारलं.

"काय सांगणार. जखमेवर भार द्यायचा नाही. पाय कोरडा ठेवायचा. खाली मऊ पाहिजे. वजन कमी करायचं, गोड बंद. नखं वाढू द्यायची नाहीत. आणि रोज तळवा बघायचा." काका हसले. "ते सांगत होते, मी पुढचं पुढचं बोलत होतो. त्यांनी विचारलं, तुम्ही मेडिकल लाइनमध्ये होतात का? म्हटलं, नाही, घरी ससा आहे."

मेगावॅटची पट्टी आधी निघाली. टाचेवर बारीक, पांढरी लव उगवायला लागली होती. त्यानंतर काकू मला रोज सकाळी दोन फोटो पाठवायला लागल्या. पहिला मेगावॅटच्या तळव्याचा, दुसरा काकांच्या. खाली एक अक्षर नाही. मी बघायची, अंगठ्याचं चिन्ह टाकायची आणि कामाला लागायची. असं बरेच महिने चाललं. काकांची जखम हळूहळू लहान होत गेली, मग गुलाबी झाली, मग नुसता व्रण दिसायला लागला.

गेल्या आठवड्यात एका सकाळी एकच फोटो आला. मेगावॅटचा.

मी थोडा वेळ वाट बघितली. टेबलावर पेशंट होता, तरी लक्ष फोनकडेच. शेवटी सुनंदाताईंच्या हातात मांजर दिलं आणि काकूंना फोन लावला.

"काकू, काकांचा फोटो नाही आला. पाय ठीक आहे ना?"

"पाय ना?" काकू म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी होत होती. "पाय घरात असेल तर फोटो काढू ना. ते गेलेत बाजारात, मेगावॅटला कोथिंबीर आणायला. चालत."